चालून राहिली, तुटून राहिली

माणूस गेला की नाही हे आमच्या तिगावात डॉक्टर सांगायचे, आणि सायकल गेली की नाही हे माझ्या काकूचे वडील सांगायचे. डॉक्टरांशी वाद घालणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. काकूच्या वडिलांशी वाद घालून नंतर त्याच सायकलीवर निवांत बसलेला माणूस मात्र एकही पाहिला नाही. बसायचे काही जण, पण बसल्यावर त्यांची नजर उगाच खाली, पुढच्या चाकाकडे जायची आणि दिवसभर तिथेच राहायची.

घरातली मोठी माणसं त्यांना मामाजी म्हणत, आम्ही पोरं आबाजी. त्यांची उभी नोकरी रेल्वेत गेली होती. थांबलेल्या मालगाडीच्या कडेकडेनं चालायचं, प्रत्येक चाकावर लांब दांड्याची हातोडी मारायची आणि आवाज ऐकायचा. चांगलं चाक घणघणतं, चिरलेलं चाक नुसतं थापटल्यासारखं वाजतं. इतकी वर्षं कान देऊन त्यांची मान उजव्या खांद्याकडे कायमची कलली होती. त्यामुळे ते आपल्यासमोर उभे असले तरी आपल्या मागे कोणीतरी बोलत आहे आणि ते त्याचं ऐकत आहेत, असं वाटायचं. निवृत्त झाल्यावर पत्नी नाही, मुलगा नाही, म्हणून ते लेकीकडे, म्हणजे आमच्या घराला लागून असलेल्या काकांच्या घरी राहायला आले. हातोडी रेल्वेत जमा झाली, ठोकण्याची सवय जमा झाली नाही. खाटेचा पाय, पाण्याचा ड्रम, नवं आलेलं कपाट, सगळं ते बोटाच्या पेरानं ठोकून पाहत. एकदा ओसरीवर डोळे मिटून बसले असताना माझी आई समोरून गेली. डोळे न उघडता म्हणाले, "बाई, डाव्या पायावर भार कमी देऊन राहिली तू." आईला काहीही होत नव्हतं. आठ दिवसांनी तिची डावी टाच सुजली. तेव्हापासून आई त्यांच्या ओसरीसमोरून जाताना चपला हातात घेऊन जायची.

पण त्यांचा जीव होता सायकलींत, त्यातही पडलेल्या सायकलींत. अशी सायकल दारात आली की आधी ते सगळ्यांना गप्प करत. पंखा बंद, काकूचा कुकर असेल तर गॅस बंद. मग सायकल उलटी करून काकूच्या देवघरातल्या पितळी पळीनं एकेक नळी ठोकत आणि तिला कान लावत. त्यानंतर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी हँडलपर्यंत सूत ताणत, आणि सीटखालच्या नळीपासून ते दोन्हीकडे सारख्याच अंतरावर आहे का ते बोटांनी मोजत. फ्रेम वाकलेली असली की एकीकडे दोन बोटं मावत, दुसरीकडे तीन. सगळ्यात शेवटी कापूस. आमच्या भागात त्याला काय तोटा. सरकी काढलेला एक पुंजका घेऊन ते लोखंडावरून फिरवत, तापात पडलेल्या माणसाच्या कपाळावरून हात फिरवतात तसा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या एखाद्या जागी अचानक एक तंतू अडकायचा. पुंजका पुढे जायचा, तंतू मागे राहायचा आणि वारा नसला तरी हलत राहायचा. सायकलवाला तो काढायला गेला की आबाजी त्याचा हात धरत. "राहू दे. तिनं धरला हाय थो."

त्यांचे निर्णय तीनच होते. चांगली सायकल त्यांच्या तोंडी कधी चांगली नसे, ती 'चालून राहिली' असे. उघड मोडलेली ती 'तुटली', आणि तिची त्यांना फिकीर नव्हती. भीती होती ती तिसऱ्या निर्णयाची, 'तुटून राहिली'. आमच्या मराठीच्या बाई वहीत 'करून राहिलो' दिसलं की लाल रेघ मारायच्या, आणि मी बाईंची आवडती विद्यार्थिनी होते. मी एकदा म्हटलं, "आबाजी, असं नसते. एक तं तुटली, नाही तं नाही तुटली."

"तुह्या बाईची सायकल पुस्तकातली असंन," ते म्हणाले. "तुटली म्हणजे झालं गेलं, तिच्यावर कोणी बसत नाही. तुटून राहिली तिच्यावर माणूस बसते. आपण बोलून राहिलो ना आता, आता बी तुटून राहिली थे."

मी त्या सायकलीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून अगदी शांत उभी होती. त्यानंतर लाल रेघ पाहिली की मला बाईंचा थोडा रागच येऊ लागला.

गावातल्या एका दूधवाल्याला त्यांनी सांगितलं, की तुझ्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा तुटून राहिला. दूधवाला हसला. "आबाजी, तुमी रेल्वेतले. माह्या सायकलीले काय डबे जोडून राहिले का?" पुढच्या सकाळी उजाडताना आबाजी एक पोतं, हळदीचा डबा आणि जुन्या धोतराच्या धुतलेल्या पट्ट्या घेऊन निघाले आणि पांढुर्ण्याच्या रस्त्यावर जिथे उतार संपतो त्या पुलियाजवळ जाऊन बसले. दूधवाला वरून आला. "काय आबाजी, बस पाहून राहिले का?" "नाही. तुही वाट पाहून राहिलो." दुसऱ्या दिवशी दूधवाला हसला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं नमस्कार केला. चौथ्या दिवशी मान फिरवून गेला. पाचव्या दिवशी चिमटा सुटला, दोन दात आणि दोन्ही कॅन रस्त्यावर सांडले, आणि दूध नालीपर्यंत पोचायच्या आधी आबाजींची हळद त्याच्या ओठाला लागली होती. काकांनी चिडून विचारलं, माहीत होतं तर अडवलं का नाही. आबाजी म्हणाले, "सांगतलं होतं ना. आता एकच गोष्ट कितीदा सांगू. हळद तं न्याच लागंन." दूधवाला मात्र आजही सांगतो, की सायकल ठणठणीत होती, म्हाताऱ्यानं बसून बसून तोडली. गावानं हे निम्मं खरं मानलं. पुढे आबाजी सकाळी पोतं घेऊन नुसते शेताकडे निघाले तरी लोक सायकलवरून उतरून चालू लागत. ज्यांच्याकडे सायकल नव्हती तेही जपून चालत.

तुटून राहिलेल्या सायकली लोक परत नेत नसत. आबाजी त्या काकांच्या घरामागच्या टिनाच्या छपरात पुढच्या चाकानं टांगून ठेवत. दुपारी सगळं गाव आडवं झालेलं असताना त्या छपरातून टिक, टिक, टिक असा आवाज यायचा. कुठलंतरी मागचं चाक आपोआप हळूहळू फिरत असायचं. मी लहानपणी विचारलं होतं, हवा नसताना हे कसं फिरतं. आबाजींनी मान आणखी थोडी कलवली आणि म्हणाले, "तिले काही आठवलं असंन." मी परत तिकडे एकटी गेले नाही.

बारावीत असताना मी त्याच पुलियाच्या कठड्यावर सायकल घातली. नववीत शाळेतून मिळालेली सायकल होती ती. आमच्या घरात वडील आठवीपर्यंत शिकलेले, आई तेवढीही नाही. पांढुर्ण्याची बस शाळा भरल्यावर पोचायची आणि पॅसेंजर तिच्या मर्जीनं यायची, त्यामुळे माझं पुढचं शिक्षण त्या दोन चाकांवरच होतं. हनुवटीला टाके पडले. वडील वाईट नव्हते, पण टाके पाहिल्यापासून त्यांना झोप नव्हती. ते म्हणाले, "मामाजीनं चालून राहिली म्हटलं तं जाय. नाही तं झालं तेवढं शिक्षण बस."

मी सायकल पुसायला घेतली तेव्हा हँडलजवळ, खालच्या नळीवर रंगाला सुरकुती पडलेली दिसली, गार झालेल्या दुधावर साय सुरकुतते तशी. मी तिच्यावर गणपतीचं स्टिकर लावलं. आयुष्यात इतकी मोठी चोरी मी दुसरी केलेली नाही.

आबाजींनी पंखा बंद करायला लावला. पळी वाजवली, सूत ताणलं, कापूस फिरवला. कापूस स्टिकरवरून गुळगुळीत गेला आणि थांबला. वडील ओसरीच्या पायरीवर उभे होते.

"गणपती नवीन दिसते," आबाजी हळूच म्हणाले.

"हो. भक्तीनं लावला."

"बकरी आडवी आली म्हणते तू?"

"हो."

"बकरी आली तं माणूस ब्रेक मारते वं. हे चाक कुठी घासलं नाही. डोळे कुठी होते तुहे?"

डोळे हँडलला क्लिपनं लावलेल्या इतिहासाच्या कागदावर होते. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. घरी सांगितलं असतं तर सायकलीआधी इतिहास बंद झाला असता. मी एवढंच म्हणू शकले, "आबाजी, शाळा बंद होईन."

त्यांनी खूप वेळ माझ्याकडे कान केला. मग वडिलांना म्हणाले, "अजून पाहून राहिलो. दोन दिवसानं सांगतो."

दुसऱ्या दिवशी माझी पूर्वपरीक्षा सुरू होत होती. मी मनाशी ठरवलं की अजून कोणी नाही म्हटलेलं नाही, आणि उजाडता उजाडता, कोणाला न सांगता सायकल काढली. संत्र्याच्या बागांवर धुकं होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. सायकल छान चालत होती. मी तिला मनातल्या मनात शाबासकी देत होते. उताराच्या तोंडाशी आले, पेडल मारणं थांबवलं, आणि मागच्या चाकाची टिकटिक सुरू झाली.

खाली धुक्यात, पुलियाजवळ, पोत्यावर कोणीतरी बसलेलं होतं. बाजूला डबा. मान उजव्या खांद्यावर.

ते वर पाहत नव्हते. हाक मारत नव्हते, हात करत नव्हते. नुसते ऐकत होते. मला एकदम वाटलं की ते मी येण्याच्याही खूप आधीपासून ऐकत आहेत, आणि जे ऐकायचं ते त्यांनी ऐकून घेतलं आहे. मी दोन्ही ब्रेक दाबले. पाय टेकले. मग सायकल हातात धरून तो पूर्ण उतार मी पायी उतरले.

"लवकर निघाली आज," ते म्हणाले. "पेपर कवा हाय?"

"नऊ वाजता."

संत्र्यांचा एक टेम्पो आला, तो त्यांनी थांबवला आणि मला ड्रायव्हरशेजारी बसवलं. सायकल ते घरी घेऊन गेले. तो उतार मी तिच्यावरून उतरले असते तर काय झालं असतं, हे मला आजही माहीत नाही. ते स्टिकर काढून पाहण्याची हिंमत मला झाली नाही, आणि आबाजींनीही काढलं नाही. संध्याकाळी ती बाकीच्यांबरोबर टांगलेली होती, गणपती उलटा.

पुढचे दोन दिवस आबाजी छपरात होते. मी टेम्पोवाल्याच्या कृपेनं पेपर देऊन आले, तेव्हा ओसरीवर एक सायकल उभी होती. फ्रेम एका नर्सबाईंच्या सायकलीची, जिची फक्त चाकं उभ्या उभ्या ट्रकखाली गेली होती. चाकं आणखी कोणाकोणाची, चिमटा तिसऱ्याचा, सीट कुठल्याशा शिक्षकाची. फ्रेमवर कापूस कुठेच अडकत नव्हता. आबाजी वडिलांना म्हणाले, "तिची गेली. हे घे. चालून राहिली." वडील त्या सायकलीकडे स्थळ बघायला आल्यासारखे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी सीटवरची धूळ आपल्या गमछ्यानं पुसली.

पडलेल्यांच्या सायकलींतून जमवलेल्या त्या सायकलीवर मी बारावी केली आणि मग पांढुर्ण्यालाच बी.ए.ला नाव घातलं. रस्त्यात लोक ओळखत. "हे सीट तं आमच्या गुरुजीचं व्हय," असं म्हणून कोणी थोडं बाजूला सरकायचं. सगळ्यात कठीण होती घंटी. पहिल्या दिवशी वळणावर मी ती वाजवली आणि एका घरातून एक म्हातारी हात पुसत लगबगीनं बाहेर आली. मला पाहिलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. काकू म्हणाली, घंटी त्या म्हातारीच्या मुलाची. सायकल छपरात टाकून तो कामासाठी बाहेर गेला, तो कुठे आहे कोणाला माहीत नाही. मी त्या वळणावर घंटी वाजवणं बंद केलं. चार दिवसांनी म्हातारी रस्त्यातच उभी.

"काहून वाजवत नाही वं आता?"

"तुमाले त्रास होते म्हणून."

"वाजवत जाजो," ती म्हणाली. मग मी रोज वाजवत गेले.

आणि रोज संध्याकाळी आबाजी कापसाचा पुंजका घेऊन सायकलीवरून एकदा हात फिरवत. एकही दिवस चुकला नाही. कधी मी दमलेली असे, कधी कॉलेजच्या मैत्रिणी बरोबर असत आणि मला आबाजींची लाज वाटे. ती लाज आठवली की आता त्रास होतो. मी शेवटच्या वर्षाला असताना ते झोपेतच गेले. खाली ठेवलं तेव्हा त्यांची मान सरळ झाली होती, त्यामुळे ते आबाजी वाटतच नव्हते. छपरातल्या सायकली काकांनी भंगारवाल्याला दिल्या. तो त्या एकेक करून हातानं ढकलत घेऊन गेला.

पदवी हातात आल्यावर मी सौंसरला एका शाळेत मुलाखतीला गेले. घरातली पहिलीच पदवी, म्हणून आईनं कागद धुतलेल्या पिशवीत घालून दिले होते. समोरच्या मॅडमनी ते चाळले.

"कॉलेजला रोज तिगावाहून पांढुर्ण्याला? कशा जात होत्या?"

"सायकलनं."

"तीन वर्षं? ट्रक असतात ना त्या रस्त्यावर. कधी काही झालं नाही?"

मी सांगायला तोंड उघडलं. पण कुठून सुरुवात करायची ते सुचेना, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तर एवढंसंच होतं.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "काहीच झालं नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा कागद उलटला.