काट मारलेला पत्रा

बबनमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळ्या शाईत होते. विद्यापीठातल्या आमच्या छापचित्रांच्या स्टुडिओत फोन वाजत राहिला आणि मी सवयीने ओरडले, ‘‘मामा, बघा हो जरा कोणाचा आहे...’’ मामांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. रॉकेलच्या बोळ्याने हात पुसून मी उलट फोन लावला. पलीकडे त्यांची लेक सुनंदा होती, शिवऱ्याला दिलेली. ‘‘आण्णा सकाळी गेले, बाई. हितं पासलीलाच, आपल्या घरी. पेज घेतली आन् भिंतीला टेकून बसले, ते बसलेच.’’ मी काय बोलले ते आठवत नाही. तिचं पुढचं बोलणं मात्र दीड महिना माझा पिच्छा सोडत नव्हतं. ‘‘आण्णा म्हनायचे, तुज्या आईचा चेहरा बाईंकडं हाय. म्या येऊ का बगाया?’’ मी ‘ये’ म्हणाले. तो चेहरा मी माझ्या हाताने बिघडवला होता, हे फोनवर कसं सांगायचं?

मामा स्टुडिओत शिपाई म्हणून लागले. झाडलोट, चहा, फार तर प्रेसला तेल देणं. पण पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की त्यांच्याशिवाय प्रेसचं पान हलेना. कोरलेल्या पत्र्यावर शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसायची, वर ओला कागद ठेवून चाक फिरवायचं. सांगायला काम एवढंच. कागद किती ओला हवा हे मामा तो गालाला लावून ठरवत आणि त्यांचा गाल कधी चुकला नाही. कार्यशाळांना ठिकठिकाणचे पाहुणे चित्रकार येत. आम्ही शिकवणारी मंडळी त्यांच्यापुढे अदबीने उभी असायचो, मामांना मात्र कुणाचीच भीड नव्हती. दिल्लीच्या एका नामवंतांनी पत्रा शाईने माखून ठेवला तेव्हा मामा म्हणाले, ‘‘सायेब, नवरीला बी एवढी हळद फासत न्हाईत.’’ ते गृहस्थ हसले आणि निमूट पुसायला लागले. जाताना त्यांनाही इतरांसारखी पासलीच्या तांदळाची पुरचुंडी मिळाली.

एका वर्षी जपानहून एक वयस्कर चित्रकार बाई आल्या. त्यांचा हट्ट असा, की जो प्रेस चालवतो त्यानेही स्वतःचा एक पत्रा करायचा. मामांनी आठवडाभर टाळाटाळ केली आणि मग एका दुपारी जस्ताचा पत्रा घेऊन आमच्याकडे पाठ करून बसले. चार दिवस कुणाला बघू दिलं नाही. ते बायकोचा चेहरा काढत होते. ती जाऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. सुनंदा पाच वर्षांची असताना गेली. घरात तिचा फोटो एकच, लग्नातला, आणि त्यातही चेहरा मुंडावळ्यांनी झाकलेला. पाचव्या दिवशी ठसा निघाला. किंचित हसणारी, कपाळावर केस आलेली, नाकात चमकी घातलेली एक तरुण बाई... मामांनी कागद उजेडाशी नेला. मग म्हणाले, ‘‘चमकी हिकडं न्हवती.’’

छापताना सगळं उलट उमटतं, डावं उजवीकडे जातं. हे मामांनी आमच्या किती विद्यार्थ्यांना दटावून सांगितलं असेल. आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी तेच विसरले. ती आठवली तशी, सरळच काढत गेले. ‘‘ही ती न्हाई, बाई. दुसरीच कोनतरी हाय. काट मारा.’’ ठरलेल्या प्रती छापून झाल्या की पत्र्यावर आडवे ओरखडे ओढून तो कायमचा रद्द करायचा, ही आमच्या कामातली रीत. स्टुडिओची प्रमुख म्हणून काट मीच मारायची. ‘दोन दिवस जाऊ द्या, मामा’ एवढं म्हणायला हवं होतं. पण मी पडले शिस्तीची! टोकदार सळई उचलली आणि तीन ओरखडे ओढले. कपाळावरून, डोळ्यांवरून, गालावरून. मामांनी ठसा स्वतःच फाडला, ‘‘च्या टाकतो,’’ म्हणाले आणि बाहेर गेले. पत्रा मी रद्द पत्र्यांच्या खणात टाकला. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही... खरं म्हणजे मी बोलले नाही.

फोननंतरच्या दीड महिन्यात मी तो खण उघडला नाही. स्टुडिओत काम करताना खण पाठीमागे असला की पाठीला नजर जाणवायची, आणि ती मामांची नसायची. जिच्या डोळ्यांवरून मी सळई ओढली, तिची असायची. तीस वर्षं शिकवलेली बाई एका लाकडी खणाला घाबरते, हे कुणाला सांगणार? मी टेबल उचलून दुसऱ्या भिंतीला लावलं. तिथेही तेच.

गेल्या आठवड्यात सुनंदा एसटीने आली. पाणी प्यायच्या आतच मी तिला सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘तरी बगू.’’

खणातले बाकीचे पत्रे वर्तमानपत्रात गुंडाळलेले. हा एकच जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात होता. उघडला, तर त्यावर एकच ओरखडा! मला वाटलं, पत्रा दुसराच आहे. खिडकीशी नेऊन तिरपा धरला तेव्हा कळलं. कपाळावर आणि डोळ्यांवर जस्त किंचित खोलगट झालं होतं. तेल लावून पोलादी घोटणीने घासत राहिलं की ओरखडा बुजतो, पण माझे ओरखडे खोल होते. बोटभर जागेला महिने लागले असतील. डोळ्यांच्या रेषा सुईने पुन्हा कोरलेल्या होत्या. तिसरा ओरखडाही कानापासून गालाच्या मध्यापर्यंत बुजवलेला होता. तिथे मामांची नोकरी संपली.

निवृत्तीआधी कितीतरी वर्षं मामा सगळ्यांच्या आधी तासभर येत. ‘‘एवढ्या लवकर?’’ म्हटलं की म्हणत, ‘‘यष्टी लवकर सुटती, बाई.’’ आणि मी ते खरं मानलं.

आम्ही ठसा काढला. चाक सुनंदाने फिरवलं. कागद उचलल्यावर मीच घाईने म्हणाले, ‘‘चमकी चुकीच्या बाजूला आली आहे.’’

‘‘चुकीची कशी?’’ ती म्हणाली. ‘‘आई आरशाम्होरं माजी येनी घालायची. मी म्होरं, ती माज्या मागं. आरशात अश्शीच दिसायची. मला दुसरी आई ठावंच न्हाई.’’

मी स्टुलावर बसले. फार रडू आलं, आणि मामांचा रागही आला. मी वीस पावलांवर बसत होते, एकदा सांगायचं तरी! पण मला लाज वाटेल म्हणून त्यांनी सांगितलं नसणार, आणि मी तर कधी विचारलंच नाही.

जाताना मी सुनंदाला म्हटलं, ‘‘उरलेला ओरखडा मी घोटून देते. पत्राही तूच ने.’’

तिने गालावर जिथे रेघ सुरू होते तिथे बोट ठेवलं. ‘‘नगं. आण्णांचा हात हितवर आला व्हता, तो हितंच ऱ्हाऊ द्या.’’ ठसा तिने पदराखाली धरला आणि पत्रा धोतराच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. ‘‘ह्यो हितंच असू द्या. काट तुमची हाय, बाई. तुमीच सांभाळा.’’

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.