ओटीचा नारळ माझ्या गळ्यात पडला तेव्हा

मी आयुष्यात पुष्कळदा घाबरलो आहे, पण स्वतःच्याच आवाजाला घाबरलो तो एकदाच.

पनवेल आणि आसपासच्या गावांत हळदीच्या समारंभात आणि कधीमधी लिलावांत माइकवर बोलायचा माझा धंदा. गेल्या वैशाखात गव्हाणच्या बाजूच्या एका गावाने देवीच्या उत्सवात लिलाव पुकारायला बोलावलं. तिथे उत्सवाच्या शेवटच्या दुपारी देवीच्या ओटीतल्या नारळाची बोली लागते. जो सर्वांत जास्त देईल त्याच्या घरी नारळ जातो, आणि पैसे देवळाला. नारळाची किंमत कुणी मोजत नाही. आपण देवीला किती देऊ शकतो, हे सगळ्या गावासमोर बोलायचं, एवढाच त्यातला अर्थ.

पाच हजारांवरून बोली एक्केचाळीसवर आली आणि थांबली. एक्केचाळीस म्हणणारे होते गावातले एक जमीनमालक. पांढरा शर्ट, गळ्यात बोटाएवढी साखळी. मला वाटलं, हा माणूस अजून चढेल, फक्त कुणीतरी डिवचायला हवं. अशा वेळी माझी एक जुनी लबाडी ठरलेली असे. "मागून आवाज आला, एक्कावन्न हजार!" असं ठोकून द्यायचं. मागे कुणी नसे, पण पुढचा माणूस तोपर्यंत एकसष्ट म्हणून मोकळा होई.

त्या दिवशीही ठोकलं. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने मागे वळून नीट पाहिलं आणि विचारलं, "कोनाचा आवाज?"

सगळा मंडप मागे वळला. मागे रिकाम्या खुर्च्या. आता मी गप्प बसायला हवं होतं. पण हातात माइक असला की मला गप्प बसता येत नाही. छातीवर हात ठेवून मी म्हणालो, "माझा!"

टाळ्या पडल्या. मी जमीनमालकांकडे बघून हसलो. आता म्हणा एकसष्ट. त्यांनी शांतपणे हात जोडले.

"घे दादा. तुजी श्रद्दा मोटी हाय. आमी कशाला मदी येनार?"

लिलाव पुकारणारा मीच, त्यामुळे मोजायचंही मलाच होतं. एक वार म्हणालो. दोन वार म्हणालो. दोन आणि तीनच्या मध्ये मी देवीचा महिमा सांगितला, गावाचं कौतुक केलं, आचाऱ्याचे आभार मानले, पार्किंगच्या सूचना दिल्या. कुणी हात वर केला नाही. शेवटी तीन वार म्हणालो आणि नारळ माझाच झाला.

बँकेत आमच्याकडे बरोबर तेवढेच पैसे होते. मुलगी नर्सिंगला, दुसऱ्या वर्षाची पन्नास हजार फी, भरायची सोमवारी. आज शनिवार.

स्कूटरच्या डिकीत नारळ ठेवून उलव्याच्या रस्त्याने परत येताना बाजूने कंटेनरचे ट्रक जात होते आणि मला त्यांची अजिबात भीती वाटत नव्हती. भीती होती ती घराच्या दाराची.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा उतरला. मी घाईने सांगितलं, उद्या जाऊन खरं बोलतो, खोटी बोली होती म्हणतो, फार तर हसतील. बायकोने एकच विचारलं.

"बोललात तेव्हा द्यायचं मनात होतं?"

"नाही."

"मग आता आणा मनात. देवीसमोर बोललाय. ती आपल्या पोरीला वाऱ्यावर सोडेल, असं वाटतं तुम्हाला?"

खरं सांगायचं तर वाटत होतं. पण हे मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती. मुलगी मात्र हळूच म्हणाली, "बाबा, द्या. कॉलेजात मी विचारते."

रविवारी पैसे दिले. सोमवारी तिघंही कॉलेजच्या ऑफिसात उभी. दहा हजार माणसांपुढे बोलणारा मी, टेबलामागच्या मॅडमना पाहून मुलीच्या मागे सरकलो. मुलीने अर्ज लिहिला. मॅडमनी तो वाचला, पुन्हा वाचला. तेवढ्यात मी मनातल्या मनात देवीला, गणपतीला आणि खबरदारी म्हणून मॅडमनाही नमस्कार करून घेतला.

त्या म्हणाल्या, "दोन हप्ते करा. अर्धे पंधरा दिवसांत, उरलेले दिवाळीपर्यंत."

पंधरा दिवस मी झोपलो नाही म्हटलं तरी चालेल. जिथून बोलावणं आलं तिथे गेलो. जासईला, करंज्याला, एकाच संध्याकाळी दोन हळदी. कामं आली. का आली, मला माहीत नाही. लग्नाचे दिवस होते म्हणूनही असेल. बायको म्हणते, तिला माहीत आहे. चौदाव्या दिवशी दोन हजार कमी होते, पंधराव्या दिवशी सकाळी जुन्या कामाचे राहिलेले पैसे एकाने आणून दिले. पहिला हप्ता गेला.

दुसरा अजून जायचा आहे. आता श्रावण चालू आहे, लग्नं बंद, हळदी बंद, माझा माइक पिशवीत. काल देवळात बायकोने पर्स उघडली आणि शंभराची नोट दानपेटीत टाकली. दुसऱ्या हप्त्यातले शंभर गेले, मी मनात मोजलं. मी तिच्या मागेच उभा होतो. तिने वळून पाहिलं आणि बाजूला सरकून जागा करून दिली.

मीही पुढे झालो आणि नोट काढायला खिशात हात घातला.