मालूबाईचं कोपर

लोधीपुऱ्यात मालूबाई कुणाला भ्यायल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. लोकच तिला भीत. लग्नघरी चुलीवर खापर उपडं घालून ती मांडे करायला बसली, की नवरदेवाच्या बापाचीही "जरा आटपा" म्हणायची छाती होत नसे. पुरण भरलेली कणकेची पुरी या हातावरून त्या हातावर खेळवत ती कोपरापर्यंत रुमालासारखी पसरायची आणि झोकात तापल्या खापरावर टाकायची. फाटला तर तो मांडा दुसऱ्या बाईचा, एवढी तिची ख्याती.

अशी ही बाई यंदा माघापासून मनातून पार हादरली होती. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं हाड वर येतं तिथं, ठणका लागला होता. परात उचलताना कळ थेट करंगळीपर्यंत जायची. ओलं लुगडं पिळता येईना. एका सकाळी हातातून कपबशी सुटली, तेव्हा तिनं शेजारच्या मांजरावर आळ घेतला. मांजर तेव्हा शेजारच्याच ओट्यावर झोपलेलं होतं, पण सून हिमानीनं नुसते तुकडे गोळा केले.

दुखणं एक वेळ सोसलं असतं, भीती सोसवेना. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येत होती. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरायची आणि विस्तवावर घास टाकून आगारी द्यायची. नवरा भगवान गेल्यापासून त्याची आगारी मालूबाईच्याच हातच्या मांड्याची असे. हा हात गेला तर घरात आपण कशाला उरलो, हा विचार तिचा पाठ सोडत नसे. हिमानी मागं दोनदा शिकायला बसली होती. "तुह्या हाताले वळण नाही," म्हणून मालूबाईनं तिला उठवलं होतं. खरं कारण वेगळंच होतं. सून शिकली तर सासूला कोण विचारणार? हे तिनं देवापुढंही कधी कबूल केलं नव्हतं.

ओव्याची पुरचुंडी झाली, हळद-चुन्याचा लेप झाला, उतार पडेना. शेवटी मुलगा नितीन म्हणाला, "आई, शनवाऱ्याजवळ डॉक्टर बसते. बिना गोळीचा, हातानंच सांधे बसवते." आणि त्या शहाण्यानं आईला धीर यावा म्हणून मोबाइलवर कुठल्याशा परदेशी डॉक्टरचा व्हिडिओ लावला. डॉक्टरनं माणसाची मान धरली, फिरवली, कडाड आवाज आला आणि माणूस हसला. मालूबाई मात्र पांढरीफटक पडली.

तिला आपला थोरला भाऊ कडू आठवला. लहानपणी तो बैलगाडीतून पडला, तेव्हा गावच्या हाडवैद्यानं असंच कोपर ओढलं होतं. असाच आवाज आला होता. कडूचा हात वाकला तो वाकलाच. बिचारा जन्मभर डाव्या हातानं जेवला.

"मी नाही येत," ती म्हणाली. पण त्याच संध्याकाळी हातातून परात निसटली, सगळी कणीक भुईवर पडली आणि आळ घ्यायला मांजरही जवळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती हिमानीच्या स्कूटीवर मागं बसली. वाटभर इच्छापुरच्या देवीला सांगत होती, "माय, पाहिजे तर पाय घे, पण हात ठेव."

डॉक्टर विपुल नितीनच्याच वयाचा निघाला. त्यानं कोपराच्या आतलं हाड नेमकं दाबलं तशी मालूबाई कळवळली. मनगट धरून म्हणाला, "माँजी, जोर लावून खाली वाकवा." पुन्हा कळ आली.

"गोल्फर एल्बो आहे," तो म्हणाला.

"म्हंजे काय?"

"गोल्फ खेळतात ना, बडे लोग, काठीनं चेंडू मारतात. त्यांना होतो."

"म्या तर जल्मात काठी नाही धरली रे बाबा!"

हिमानी फिसकन हसली. डॉक्टरनं कोपर दोन्ही हातांत घेतलं आणि मालूबाईनं डोळे गच्च मिटले. पदर तोंडात कोंबला. कडूची किंकाळी कानात घुमू लागली. आता वाजेल, मग वाजेल. पण तो हळूहळू सांधा हलवत राहिला. मनगटाशी एकदा बोट मोडल्यासारखं टिक झालं, बस्स. "झालं आजचं," डॉक्टर म्हणाला.

तिनं घाबरत घाबरत हात सरळ केला. झाला.

"पण माझ्या हातांनी अर्धंच काम होतं," डॉक्टर म्हणाला. "अर्धं तुमच्याकडे. पट्टा बांधा, व्यायाम करा. कणीक तिंबणं, पिळणं, मांडे, दोन महिने एकदम बंद. नाहीतर हे दुखणं पक्कं होईल."

ज्याला भीत आली होती ते घडलंच नाही, आणि जे घडलं त्याचा तिनं विचारच केला नव्हता. आखाजीला महिनाही उरला नव्हता.

आखाजी उजाडली. हाताला पट्टा बांधून मालूबाई चुलीशेजारी पाटावर बसली आणि खापरापुढं हिमानी. पहिला मांडा मधोमध फाटला. दुसऱ्याची खापरावर घडी पडून तो करपला. मालूबाईला आगारीची धास्ती वाटली, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे थोडं बरंही वाटलं.

"मम्मी, मेरे से नहीं होगा," हिमानीचा आवाज कापत होता. "बाबांची आगारी माझ्यामुळे चुकली तर?" पोरीचे डोळे भरले होते.

आपल्याइतकंच हेही लेकरू भ्यालंय, हे मालूबाईला तेव्हा दिसलं. "इकडं पाह्य," ती म्हणाली. "बोटानं वढू नको. कोपरं अंगाले धर. कणीक तिच्या वजनानं पसरते, तू फक्त झेल." एवढंच तर तिनं आजवर लपवलं होतं. तिसरा मांडा अख्खा उतरला.

आगारी झाली. नितीननं पहिला घास घेतला आणि खुशीत म्हणाला, "आई, तुह्या हातचा तो तुह्याच हातचा! डॉक्टरचं ऐकलं नाही ना?"

हिमानी मान खाली घालून पुढचा मांडा खापरावर टाकू लागली. मालूबाई गप्प राहिली असती तर मांडा तिचाच ठरला असता. तिला डॉक्टरपुढं वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

"माह्या हातचा नाही," ती म्हणाली. "हिमानीनं केला."

नितीन बायकोकडं बघतच राहिला. हिमानीनं खापरावरचा मांडा उतरवून सासूच्या ताटात ठेवला. सगळ्यांची पानं उठल्यावर उरलेला, गार, वातड मांडा खायची मालूबाईची सवय. तिनं वाफाळता घास मोडला. पुरणाचा चटका बसला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं लोकांना वाढलेला मांडा गरम असताना कसा लागतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"अजून एक टाक," ती हिमानीला म्हणाली.