घोडा सावलीत बांध

सौदीहून सुट्टीवर आलेल्या माणसाला आमच्याकडे पाणी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतात: "परत कधी?" रिक्षावाला विचारतो. मशिदीबाहेर चपला शोधणारा विचारतो. मिरकरवाड्याला मासळी घ्यायला जावं तर सुरमईचे तुकडे करता करता बाई मान वर न करता विचारते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं म्हणे. नसेल. मला त्या प्रत्येकाच्या तोंडावर दार आपटावंसं वाटायचं. अरे, माणसाने अजून बॅगेची दोरी सोडली नाही, तेवढ्यात त्याला हाकलायची घाई कसली?

पण त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला अब्बांना तोच प्रश्न विचारायला माझीही जीभ वळवळत होती, कारण ते आले आणि माझा टीव्ही गेला.

दोन हजार सहा-सातचा तो काळ. दहावीची परीक्षा देऊन मी मोकळी झाले होते. टीव्हीखाली गेमचा काळा डबा होता. तो अब्बांनीच आदल्या वर्षी गावातल्या एका माणसाबरोबर पाठवला होता. साबणाच्या वड्या, टँग, ब्लँकेट आणि ब्लँकेटच्या घडीत तो. सोबत चार सीडी. त्यातली एक घोडेस्वाराची. अमेरिकेतलं जुन्या काळचं वाळवंट, लाल डोंगर, लाकडी दुकानांची गावं, आणि कमरेला पिस्तूल लावलेला एक माणूस. बाकीच्या गेममध्ये आखलेल्या रस्त्याने जायचं, समोर येईल त्याला मारायचं, संपलं. ह्यात तसं नव्हतं. काम घ्यायचं तर घ्या, नाहीतर घोडा काढा आणि वाटेल तिकडे जा. आता रत्नागिरीत, आमच्या मोहल्ल्यात, पंधरा वर्षांच्या मुलीचं 'वाटेल तिकडे' म्हणजे किती, ते मी वेगळं सांगायला नको. मांडवीला समुद्रावर जायचं तरी सोबत कोण, कशाला, अंधाराच्या आत येणार ना, ह्याची उत्तरं अर्ध्या गल्लीला द्यावी लागायची. त्या घोड्यावर मात्र मी सगळा मुलूख पालथा घातला होता. दरोडेखोर कुठल्या घळीत बसतात, नदी कुठे उथळ आहे, सगळं तोंडपाठ. शेजारणी अम्मीला म्हणायच्या, पोरीच्या जातीला बंदुकीचा खेळ कशाला गो? अम्मी म्हणायची, घरात बसते ना, बस झालं.

तर एप्रिलमध्ये अब्बा आले. माझ्या जन्माच्या आसपास ते सौदीला पाइपलाइनच्या कामावर गेले होते आणि दोन वर्षांतून दोन महिने यायचे. म्हणजे माझ्या वाट्याला बाप किती, तर आजोळच्या सुट्टीएवढा. घरात ते पाहुण्यासारखे वावरायचे. पाण्याचा तांब्या कुठे असतो ते विचारून घ्यायचे. आणि दिवसभर करायला काही नाही म्हणून माझ्यामागे खुर्ची टाकून बसायचे.

"हे असंच आहे का सगळं? झाड नाही?"

"वाळवंट आहे ते, अब्बा."

"ते दिसतंय मला," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दुसरं काही लावतेस का जरा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हीच पाठवलंत की, असं मी फटकन बोलले. ते म्हणाले, दुकानदाराला सांगितलं होतं पोरांना आवडेल ते दे, आत काय आहे ते मी कुठे बघितलं. आणि खुर्ची उचलून पडवीत गेले, फणसाकडे तोंड करून आणि टीव्हीकडे पाठ करून बसले. तिथूनही शांतता नाही. "तो वाऱ्याचा आवाज तरी बंद कर," बाहेरून मला ऐकू यायचं. त्या गेममध्ये मोकळ्या रानात गेलं की वारा घोंगावायचा, बारीक रेती उडायची. मला तो आवाज जाम आवडायचा. मी आवाज वाढवला. का नाही वाढवणार? माझं घर, माझी सुट्टी.

काही दिवसांनी ते परत आत आले आणि वेगळंच सुरू केलं. मी घोड्यावरून उतरून एका गुत्त्यात शिरत होते; अब्बांसमोर त्याला मी हॉटेल म्हणायचे.

"घोडा कुठे उभा केलास?"

"बाहेर."

"उन्हात? सावलीत बांध."

"अब्बा, खोटा घोडा आहे."

"असू दे. बाजूला सावली आहे ना? मग?"

हे दरवेळी. मी उतरले रे उतरले की मागून आवाज, घोडा सावलीत बांध. एका कामात वेळ लावलेली होती, दरोडेखोर पळायच्या आत त्यांना गाठायचं. मी चार दिवस त्यावर डोकं फोडत होते. शेवटी पोचले, घोड्यावरून उडी मारली, आणि मागून, "अगो सावलीत, सावलीत!" माझा हात चुकला आणि मेला तो माझा माणूस. मी रिमोट जमिनीवर फेकला. कळत नाही त्यातलं तर बोलू नका, म्हणाले मी, आणि अजून बरंच काही. दुसऱ्या घरात असं बोलले असते तर दात हातात आले असते.

अब्बांनी रिमोट उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "सकाळी दहाच्या पुढे तिथे लोखंड हातात धरवत नाही," ते म्हणाले. "आम्हाला धरायला लागतं. पगार घेतो आम्ही. त्या जनावराचं काय?"

मला वाईट वाटलं का? डोंबल! मला वाटलं, गेला माझा दिवस वाया. पण पुढच्या वेळी मी घोडा एका छपराखाली नेऊन उभा केला, एवढं खरं. कटकट नको म्हणून.

मग एकदा मी आंघोळ करून आले तर अब्बा टीव्हीसमोर. रिमोट उलटासुलटा करत त्यांनी घोडा कसाबसा नदीपर्यंत नेला होता आणि पाण्यात उभा करून ठेवला होता. नुसता उभा.

"काय करताय?"

"पाणी पीत नाही हा."

"त्याला तहान लागत नाही. तसं बनवलेलंच नाही."

"मग बनवणारे मूर्ख आहेत," अब्बा म्हणाले, आणि तरी थांबले थोडा वेळ. मला हसू आवरेना. त्यांना राग नाही आला. त्यांनी विचारलं, "हा माणूस घरी कधी जातो?"

"त्याला घर नाही."

"बायकापोरं?"

"नाहीत."

"मग एवढा मरमर काम कशाला करतो?"

"इनाम मिळतं."

"आणि त्याचं काय करतो?"

"बंदूक घेतो. चांगली बंदूक असली की मोठं काम मिळतं."

अब्बांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो गेम बनवलाय. तेवढ्यात लाइट गेली. त्या वर्षी लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता. दुपार झाली की ठरल्या वेळी पंखा बंद, टीव्ही काळा, आणि सेव्ह केलं नसेल तर बसा बोंबलत. मी बोंबललेच. अब्बा त्या काळ्या पडद्याकडेच बघत होते. ते म्हणाले, "मी जाणार नाही आता परत."

मला वाटलं, गेममध्ये.

"सौदीला. तिकीट नाही काढणार मी. बर्फाच्या कारखान्यातून जेटीवर बर्फ न्यायचा टेम्पो आहे एकाचा, त्याला ड्रायव्हर हवाय. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की लागेन. तुझ्या अम्मीला सांगेन मी. मामूला तू काही बोलू नकोस."

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो टीव्हीचा. म्हणजे हे आता कायमचे मागे बसणार! आणि दुसरा विचार असा आला की त्यांनी हे मला सांगितलं. अम्मीच्या आधी मला. ह्या माणसाला मी नीट ओळखतसुद्धा नव्हते, आणि त्याने सगळ्या घरात मला निवडलं. मी एकदम त्यांच्या बाजूची झाले. रागीट माणसाचं असंच असतं, राग कुठे जात नाही, फक्त तोंड दुसरीकडे फिरवतो.

आता "परत कधी" कोणी म्हटलं की मी अब्बांच्या आधी तोंड उघडायला लागले. तुम्हाला काय करायचंय? तिकीट तुम्ही काढून देताय का? सुरमई कापणाऱ्या बाईचा कोयता हवेतच थांबला. अब्बा मला हाताला धरून बाजूला घेऊन गेले, पण हसत होते.

अम्मीचं मात्र मला कळेना. अब्बांनी तिला सांगितलं, ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मेअखेर तिने आंबापोळी वाळत घातली, आमसुलं बांधून ठेवली, सुका जवळा भाजून डब्यात भरला. दर वेळी अब्बा जाताना न्यायचे तेच, तेवढंच. मी म्हटलं, हे कुणासाठी? ती म्हणाली, राहू दे, घरात असलेलं बरं. मला तिचा इतका संताप आला! नवरा सांगतोय जात नाही, आणि ही बाई जवळा भाजतेय. आज वाटतं की सगळं आयुष्य एकटीने घर चालवलेल्या बाईला त्या बातमीचं काय करायचं तेच समजत नसणार. पण तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि मग मामूला कळलं. मामू म्हणजे अम्मीचा मोठा भाऊ. बाजारात हार्डवेअरचं दुकान. अब्बांना पहिला व्हिसा त्यानेच मिळवून दिला होता, आणि ते आम्ही विसरू नये ह्याची पुरेपूर काळजी तो घ्यायचा. स्वतः मात्र सौदीत तीन वर्षंही टिकला नव्हता. तब्येत मानवली नाही म्हणे. त्याची तब्येत बघितलीत तर तुम्हीही हसाल.

माझा दहावीचा निकाल लागून गेला होता, मार्क बरे पडले होते, सायन्स घ्यायचं असं चाललं होतं. जुम्म्याची नमाज झाली आणि मामू थेट आमच्याकडे जेवायला आला. कोलंबीची बिर्याणी पोटभर खाल्ली, हात पुसले आणि मग सुरू झाला.

"काय दुल्हेभाई, बर्फ विकणार म्हणे?"

"विकणार नाही. टेम्पो चालवणार," अब्बा म्हणाले.

"लोक व्हिसासाठी नाक घासतात. तुमच्या पायाशी आलाय तर तुम्ही लाथ मारताय. लोक मला काय विचारतील? मी काय सांगू?"

"सांग, थकला."

"थकायला काय झालं? पन्नाशी तरी गाठलीत का?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण अब्बा बघण्यासारखे होते. मामूचा आवाज चढत गेला तसे ते आणखी शांत झाले. घराचं अर्धं काम राहिलंय. राहू दे. लोक हसतील. हसू देत. खाणार काय? कमी खाऊ. एकेका वाक्याला दोन-दोन शब्द. मामू घामाघूम झाला. मला वाटलं, जिंकले अब्बा. मला नाचावंसं वाटत होतं.

मग मामूने माझ्याकडे बोट केलं. "आणि हिचं काय? सायन्स म्हणतेय. क्लास आले, पुस्तकं आली. उद्या बाहेर शिकायला पाठवायची झाली तर? ते बर्फावर होणार?"

"होईल," अब्बा म्हणाले. आवाज अजून तोच होता.

मला राहवलं नाही. मी पुढे झाले. माझ्या मनात एवढंच होतं की ह्या माणसाचं तोंड कायमचं बंद करायचं. "मला शिकायचंच नाही," मी म्हणाले. "नको मला कॉलेज. मी घरी बसेन. पण अब्बा जाणार नाहीत."

मला वाटलं, मी केवढं मोठं काम केलं. मामू गप्प झाला खरा. अम्मी दाराशी येऊन उभी राहिली. अब्बांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलताना मला दिसला. मामूने तासभर घसा फोडून जे झालं नव्हतं ते माझ्या एका वाक्याने झालं.

"पुढच्या आठवड्याचं तिकीट बघ," ते मामूला म्हणाले.

"अब्बा, मी सांगतेय ना, मला नकोच आहे—"

"गप्प!" ते एवढ्या जोरात ओरडले की मामूसुद्धा दचकला. "शिकायचं नाही म्हणे! परत हा शब्द तोंडातून काढलास तर थोबाड फोडीन तुझं."

मोहल्ल्यातल्या सगळ्या मुलींचे बाप त्यांच्यावर उठता-बसता ओरडायचे. माझे त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले, आणि आठवड्याने गेले.