वाढवलंय

पद्मिनीचं दुकान म्हणजे शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका साडीच्या दुकानातला पुढचा कोपरा. एक काचेचं कपाट, एक टेबल, मान वळवता येणारा दिवा आणि दोन खुर्च्या, बस्स. पण दारावर साडीवाल्याच्या पाटीखाली तिचं नाव मराठीत होतं, आणि ते तिने स्वतः रंगवलं होतं. अमेरिकेत येऊन पंधरा वर्षं झाली होती. घर नवऱ्याच्या नावावर, फोन नवऱ्याच्या नावावर, शाळेत ती संध्याची आई. पद्मिनी म्हणून कोणी विचारत यावं अशी ही चार हातांची जागाच काय ती होती.

तिचे वडील विष्णुपंत पुण्यात पटवेकरी होते. सोनार दागिना घडवतो, पटवेकरी तो ओवतो, गाठवतो, गळ्यावर नीट बसेल असा करतो. पद्मिनी बी.एस्सी. झाली ती त्यांच्या गादीशेजारी बसून मणी ओवता ओवता. दिवेलागणीला वडील म्हणायचे, ‘चला, दुकान वाढवा,’ की ती रेशमाची रिळं गुंडाळायला घ्यायची. दुकान बंद करा, असं त्या घरात कोणी म्हणत नसे. बंद म्हटलं की ते खरंच होतं, अशी सगळ्यांची समजूत.

शिकागोत तिने तेच चालू केलं. मोत्यांच्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या ती हाताने करायचीच. पण खरं काम मंगळसूत्रांचं. इथल्या ज्वेलरकडे मंगळसूत्र दिलं तर तो बिचारा ते माळेसारखं ओवून द्यायचा, वर वाट्या उलट्या. म्हणून मिलवॉकीपासून इंडियानापर्यंतच्या बायका पद्मिनीकडे यायच्या. तिची पद्धत वडिलांचीच होती. गिऱ्हाइकासमोर दागिना तोलायचा, पाकिटात घालायचा, वर वजन आणि काम लिहायचं, पाकीट स्टेपल करायचं. मग ते उघडायचं ते थेट कामाला बसतानाच. मागून कोणाच्या मनात किंतु यायला नको.

नेपरव्हिलच्या घरून डेव्हनला यायला तास लागायचा. सकाळी पाचला उठून पोळ्या करायच्या, संध्याचा डबा भरायचा, नवऱ्याला, म्हणजे पुरुषोत्तमला, स्टेशनवर सोडायचं आणि पुढे निघायचं. संध्याकाळी परत येऊन भाजी फोडणीला टाकेपर्यंत कोट अंगावरच असायचा. पुरुषोत्तम माणूस वाईट नव्हता. फक्त दुकानाला तो ‘तुझा छंद’ म्हणायचा, आणि तो शब्द तिला सुईसारखा टोचायचा.

१९८३च्या दिवाळीत त्याला सांता क्लाराहून नोकरी चालून आली. पगार चांगला, हवा चांगली, मित्रही तिथे. पद्मिनीने पहिल्यांदा पाय रोवले. दोघांचं शेवटी ठरलं ते असं : गुढीपाडव्यापर्यंत दुकानाने नीट जम बसवला तर नेपरव्हिल सोडायचं नाही, नाहीतर सांता क्लारा.

“पाडव्याला मी काही बोलणार नाही,” तो म्हणाला, “तूच सांग.”

म्हणजे हातात होती एक संक्रांत आणि पुढचे दोन महिने. त्या वर्षी संक्रांतीला ती जिवाच्या करारावर राबली. काट्याचा हलवा स्वयंपाकघरात स्वतः केला, त्याचे नवऱ्या मुलींसाठी हार, बाजूबंद, बोरन्हाणाच्या बाळांसाठी मुकुट केले. बोटं भाजली, पण ऑर्डरी आल्या. इथल्या मराठी मंडळात सगळं जिच्या शब्दावर चालायचं त्या कांचनने स्वतः फोन करून सांगितलं, “हळदीकुंकवाला तुझं टेबल मांड माझ्याकडे. शंभर बायका येतील.” पद्मिनीला वाटलं, सुटले.

संक्रांतीआधीच्या शनिवारी हलव्याचे दागिने पोचवायला ती दोन तास बाहेर गेली आणि दुकानात संध्याला बसवलं. संध्या चौदा वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी कळायचं, बोलायचीही, पण आपलं अडखळत आणि गोड. तेवढ्यात शोभाताई आल्या. मंडळातल्या साठीच्या, मऊ बोलणाऱ्या बाई. त्यांनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून तराजूत ठेवली.

“मंगळसूत्र वाढवलंय गं बाळ,” त्या म्हणाल्या. “आईला सांग हं.”

“ओके काकू,” संध्या म्हणाली. पुरचुंडी तशीच पाकिटात घातली, आईने शिकवलं होतं तसं स्टेपल केलं आणि वर इंग्रजीत लिहिलं : मंगळसूत्र, लांबी वाढवणे.

आता मराठी घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. मंगळसूत्र तुटलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. ‘तुटलं’ हा शब्द सवाष्णीने उच्चारायचाच नाही, आणि ‘वाढवलंय’ म्हटल्यावर आणखी काही सांगायचंही नसतं. ऐकणारीने हातातलं काम टाकून आधी ते करायचं असतं. शोभाताईंनी म्हणूनच घाईचं आहे असं सांगितलं नाही. आपल्या यजमानांचं, राजारामभाऊंचं, हृदयाचं ऑपरेशन गुरुवारी आहे, हेही नाही. तशी गोष्ट दुकानात कोण बोलतं?

पद्मिनीने परत आल्यावर चिठ्ठी वाचली. लांबी वाढवायची कामं तिने डब्यात बाजूला ठेवली होती, कारण बारीक काळे मणी मुंबईहून यायचे होते. पाकीट त्या डब्यात गेलं.

गुरुवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. बाहेर रात्रभर बर्फ पडून शाळा बंद झालेली.

“पद्मिनी, झालं का गं माझं?” शोभाताईंचा आवाज. “मी हॉस्पिटलमधून बोलतेय. यांना अकराला आत नेणार. सकाळपासून दोनदा विचारलं त्यांनी, तुझं कुठंय म्हणून. मी हळकुंड बांधलंय गळ्यात, पण त्यांना ते बघवत नाहीये.”

“काय झालं होतं शोभाताई?”

“अगं, वाढवलं होतं ना. संध्याला सांगितलं मी.”

पद्मिनीला डब्यातली ती चिठ्ठी आठवली. “आणते,” ती म्हणाली. “मी घेऊन येते तिथे.” फोन ठेवला आणि वळून पोरीवर ओरडली. काय ओरडली ते तिला पुढे आठवलं नाही, संध्याला मात्र शब्दन् शब्द आठवला. तरी पोरगी मुकाट बूट घालून गाडीत येऊन बसली.

बर्फातून डेव्हनला पोचायला नऊ वाजले. पाकीट फोडलं. पोत मधोमध तुटलेली, निम्मे मणी रुमालात विखुरलेले. तुटल्या जागी दोन टोकांना गाठ मारली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं, आणि नऊ वीसला गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली असती. हे पद्मिनीला त्याच क्षणी दिसलं. आणि तिने ते केलं नाही. जोडलेला दोरा सवाष्णीच्या गळ्यात घालायचा नाही, हे विष्णुपंतांनी तिला सातव्या वर्षी सांगितलं होतं, आणि आज तर मुळीच नाही, असं तिला वाटलं. तिने नवं रेशीम काढलं. सगळं पुन्हा पहिल्या मण्यापासून.

सुईत रेशीम जाईना, तेव्हा संध्याने तिच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली. मग एकेक मणी ती आईच्या बोटांजवळ सरकवत राहिली, काळे, मधे सोन्याचा, पुन्हा काळे. मंगळसूत्र ओवताना बोलायचं नाही, हाही घरातलाच नियम. शेवटची गाठ बसली तेव्हा घड्याळात सव्वादहा झाले होते. वाट्या सरळ, पोत एकसारखी. इतकं सुरेख काम तिच्या हातून महिन्यात झालं नव्हतं.

हॉस्पिटलात त्या पावणेअकराला पोचल्या. शोभाताई कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर एकट्या बसल्या होत्या. गळ्यात पिवळा दोरा आणि हळकुंड.

“आधीचं ऑपरेशन कॅन्सल झालं,” त्या म्हणाल्या. “साडेदहालाच नेलं गं. जाताना हसले. म्हणाले, ती पद्मिनी येईल बर्फातून धडपडत, तिला चहा पाज.”

पद्मिनीने हात पुढे केला. शोभाताईंनी मंगळसूत्र पाहिलं, वाट्यांवरून अंगठा फिरवला आणि तिच्या हातात परत ठेवलं. “तुझ्याकडेच असू दे. ते बाहेर आले की त्यांच्याच हातून घालून घेते.”

राजारामभाऊ बाहेर आले नाहीत.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आशा थोडी आहे. दोऱ्याचा आणि हृदयाचा संबंध नाही, हे कळायला बी.एस्सी. लागत नाही, आणि पद्मिनी तर बी.एस्सी. होती. पण शहाणपण रात्री कामाला येतं का? ती भांडी घासता घासता थांबायची आणि नुसतं नळाचं पाणी बघत राहायची. नऊ वीस. दहा मिनिटांचं काम. नवऱ्याला बायकोच्या गळ्यात ते एकदा बघून घ्यायचं होतं, एवढंच त्या माणसाने मागितलं होतं.

मंगळसूत्र वेळेत पोचलं नाही हे मंडळात सगळ्यांना कळलं, पण कोणी तिला टाकून बोललं नाही. मराठी माणसं तोंडावर कधी बोलतात? फक्त कांचनने फोन केला : “अगं, यंदा हळदीकुंकू साधंच करू म्हणतोय. टेबल नको मांडूस. मनाला लावून घेऊ नकोस हं.” हळदीकुंकू झालं, शंभर बायका आल्या, हे पद्मिनीला वाणसामानाच्या दुकानात तिसरीकडूनच कळलं. मग पाकिटं यायची थांबली. दोघीजणी येऊन आपली पाकिटं न उघडताच परत घेऊन गेल्या, अगदी हसून, संध्याची चौकशी करून. फेब्रुवारीत मुंबईचे काळे मणी आले. पुडा तिने उघडलादेखील नाही.

तिने सगळं करून पाहिलं. घरोघर फोन केले. देवळात तन्मणी मांडून बसली. अनोळखी बाईसमोर हात पसरल्यासारखं नथ पुढे करताना तिला स्वतःची शरम वाटली, आणि तरी तिने ती पुढे केली. एकदा तर गाडीत बसून ती विष्णुपंतांना म्हणाली, “बाबा, तुम्ही गाठ का मारू दिली नाहीत मला?” वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

घरात संध्याने मराठी बोलणंच सोडलं. काही विचारलं की “आय डोन्ट नो, मॉम.” आधी आई म्हणायची, आता मॉम म्हणू लागली. पुरुषोत्तम कधी नव्हे तो भांडी लावायला उभा राहायचा. सांता क्लाराचं नाव त्याने काढलं नाही. ती त्याची दयाच तिला सोसेना. एक दिवस वरणाला फोडणी देता देता तीच म्हणाली, “त्यांना कळव, येतो म्हणून.”

शेवटच्या शनिवारी दोघी माय-लेकी कपाट रिकामं करत होत्या, तेव्हा शोभाताई आल्या. गळा मोकळा. पद्मिनीने खुर्ची पुढे केली.

“माझं पाकीट आहे तुझ्याकडे,” शोभाताई म्हणाल्या. “वाट्या आणि सोन्याचे मणी सुटे करून दे. सुनेला देते.”

पद्मिनीने मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं. कातर हातात घेतली. जन्मात तिने असंख्य पोती ओवल्या होत्या, धडधाकट पोत कापली नव्हती.

शोभाताई संध्याकडे वळल्या. “तुझं काही चुकलं नाही बाळ. मीच तुला कळेल असं बोलायला हवं होतं. तुटलं म्हणाले असते तर तू बरोबर लिहिलं असतंस. पण जीभ वळली नाही गं. वाटलं, आता असं काही तोंडातून नको.”

“आणि मी गाठ मारली असती तर मी वेळेवर आले असते,” पद्मिनी म्हणाली. दोन महिने आतल्या आत ठेवलेलं ते भडाभडा बाहेर आलं. “नऊ वीसला निघाले असते. मला सुबक करायचं होतं शोभाताई. तुमच्यासाठी सुबक करत बसले.”

शोभाताईंनी नुसता तिच्या हातावर हात ठेवला, आणि तो हात तसाच असताना पद्मिनीने पोत कापली. काळे मणी टेबलावर घरंगळले. संध्याने ते एकेक करून गोळा केले.

शोभाताई गेल्यावर पद्मिनी म्हणाली, “दाराला कागद लावायला हवा. लोक येऊन परत जायला नकोत.” लोक येत नव्हते, हे दोघींना माहीत होतं.

संध्याने कागद आणि जाड पेन घेतलं. “मराठीत कसं म्हणायचं, आई?”

कित्येक आठवड्यांत ती आई म्हणाली नव्हती. पद्मिनीच्या ओठांवर वडिलांचाच शब्द आला. “दुकान वाढवलं आहे, असं लिही.”

संध्याने पेन टेकवलं आणि उचललं. तिचे डोळे भरले होते. “नको,” ती म्हणाली. “ते नको. सगळ्यांना कळेल असं सांग.”

पद्मिनीने जन्मात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. संध्याने वाकड्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं, दुकान बंद, आणि अनुस्वार बरोबर आहे का ते आईला विचारलं.