बंद व्हॉल्व्ह आणि आमचे मामा

मामांनी उभी हयात पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात घालवली. तेवढ्या भांडवलावर ते जगातल्या कुठल्याही विषयावर बोलतात. ऐकणारा कंटाळून उठून गेला, की त्याला आपलं म्हणणं पटलं असं समजतात.

मामीला वनस्पती उद्यानात नोकरी लागली, तेव्हा म्हणाले, "झाडांना पाणी घालायला माणूस कशाला लागतो?" नोकरी तात्पुरती होती. कंदांच्या झाडांची काचखोली नीट सांभाळली, तर महिनाअखेर मामीला कायम करणार होते. ती इतकी खुशीत मी कधी पाहिली नव्हती. म्हणून रविवारी मामांना घेऊन तिचं काम बघायला गेलो.

पानगळ नुकतीच सुरू झाली होती. ऊन मऊ, वाटांवर पिवळी पानं, लोक रमतगमत हिंडत होते. मामा मात्र तपासणीला आलेल्या साहेबासारखे हात मागे बांधून चालत होते. तळं बघून म्हणाले, "गळती आहे." पुढे एका डेरेदार झाडापाशी थांबले, ते त्याच्या बुंध्याजवळचा पाइप बघायला.

काचखोलीत मामीने कुंड्या दाखवल्या. "आता यांचं पाणी बंद. पानं वाळली की कंद झोपतात. ओल राहिली तर कुजतील."

"बरं बरं," मामा म्हणाले. म्हणजे ऐकलं नव्हतं.

मामी मला बाहेर रोपं दाखवत होती, तेवढ्यात आत फवारे सुरू झाले. मामा व्हॉल्व्हपाशी उभे, चेहरा मोहीम फत्ते केल्यासारखा. "सगळं वाळून चाललं होतं. लक्ष कुठे असतं तुमचं?"

मामीने धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. आवाज ऐकून मामीच्या वरच्या, देखरेखीच्या बाई आल्या. "कोणी उघडला?"

"मी," मामा ऐटीत म्हणाले. "यातलं मला शिकवू नका."

बाईंनी मामीकडे पाहिलं. "तुमचे कोण हे?"

"नवरा. यांना इथे एकटं सोडलं, ही चूक माझी." मामी ठामपणे म्हणाली. "सगळे कंद आत्ता उपसून कोरड्या वाळूत ठेवते. एकही कुजू देणार नाही."

"कंद वाचले, तर कायम करायचं बोलू," बाई म्हणाल्या आणि वाळूची पोती आणायला गेल्या.

मी बाह्या सरसावल्या. मामांना म्हटलं, "तुम्ही घरी जा. रस्ता माहीत आहे ना?"

"मला विचारतोस?" म्हणत मामा फाटकाच्या उलट दिशेला निघाले.

मी हाक मारली नाही. मामीनेही नाही.