दामले सरांचा अमेरिकन गिअरबॉक्स

"बर्वे, हा दुसऱ्या गिअरमध्ये जाणार आहे, की पहिल्यातूनच रिटायर होणार?"

मागच्या सीटवरून दामले सरांनी विचारलं. मी स्टिअरिंगवर. बिबवेवाडीच्या चढावर इंजिन एवढं किंचाळत होतं, की लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायला लागले होते.

"सर, जरा शांत बसता का?"

"मी शांतच आहे. ओरडतंय ते तुमचं इंजिन."

मी गाडी वळवली आणि गॅरेजला परत आणली. दोष कुणाला देणार? गिअरबॉक्स मीच बसवला होता.

गाडी जुनी अमेरिकन, माझ्या गॅरेजच्या दारातून जेमतेम आत येणारी. ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही. आतल्या ऑइलच्या दाबावर गिअर आपोआप बदलतात. सरांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, त्यामुळे क्लचची गाडी त्यांच्या उपयोगाचीच नाही. थोरल्या भावाने ही गाडी त्यांना दिली आणि सर तिच्यातून अख्खं पुणे फिरले. मग गिअरबॉक्स मेला. मी तो उघडून बघितला आणि सरळ सांगितलं, याच्यात आता काही राहिलेलं नाही. सर घरात बसले.

तेवढ्यात वाघोलीला नवीन इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. त्या वर्षांत उठसूट निघत होती. त्यांनी सरांना गणित शिकवायला बोलावलं. टर्म सुरू व्हायच्या आत कळवा, नाहीतर दुसरं कुणीतरी बघतो, असा निरोप. सरांची मुलगी मृणाल म्हणाली, बाबा, ड्रायव्हर ठेवू. सर म्हणाले, "मग शिकवायलाही त्यालाच पाठव."

मृणाल सॉफ्टवेअर कंपनीत. तिचा कुणी सहकारी अमेरिकेत ऑनसाइट होता, त्याने असाच एक बॉक्स शोधून जहाजाने पाठवला. तिथे कुणीतरी तो पूर्ण ओव्हरहॉल करून ठेवलेला. पण तो डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा. आपल्या गाडीचं इथे उजवीकडे करून घेतलेलं. म्हणजे गिअरच्या लिव्हरपासून बॉक्सपर्यंत जाणारे दांडे नव्याने बनवणं आलं. ते केलं. एवढं सगळं निस्तरून गाडी बाहेर काढली, तर ही बया पहिल्या गिअरला चिकटून बसलेली!

मृणाल संध्याकाळी ऑफिसमधून थेट गॅरेजला आली. हातात इंटरनेटवरून काढलेल्या प्रिंटचा गठ्ठा.

"काका, इथे एक जण म्हणतोय, गव्हर्नर बघा. दुसरा म्हणतोय, ऑइलच चुकीचं."

"आणि तिसरा काय म्हणतोय? शनीला तेल घाला?"

"आमच्याकडे बग आला की आम्ही रूट कॉज शोधतो. नुसतं चिडत नाही."

"अगं, तुमचा बग उचलायला तीन माणसं आणि जॅक लागत नाही."

पण मुलगी बोलत होती ते चूक नव्हतं, त्यामुळे जास्तच डोकं फिरलं. मी एका मोठ्या कारखान्यातली डिझाइनची नोकरी सोडून गॅरेज काढलेला माणूस. गव्हर्नर, म्हणजे गाडीचा वेग बॉक्सला कळवणारा भाग, तपासला. ठीक. ऑइलचा दाब मोजला. हवा त्यापेक्षा जास्त. दाब जास्त, म्हणजे बॉक्सला वाटतंय की गाडीवर सतत भार आहे, म्हणून तो वरचा गिअर टाकत नाही. का वाटतंय? पूर्ण बॉक्स पुन्हा खाली उतरवला, तळाचं पॅन काढलं, आतली व्हॉल्व्ह बॉडी खोलली. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे ऑइलच्या वाटा उघडबंद करणाऱ्या झडपांचा ठोकळा, बॉक्सचा मेंदूच म्हणा. एकेक झडप धुतली, सरकवून बघितली. सगळ्या लोण्यासारख्या. परत जोडलं, चढवलं, चालवलं.

पहिला गिअर. किंचाळी.

त्या दिवशी मी पाना फेकला. भिंतीवर फेकला, माणसांवर नाही, तेवढं भान होतं. आणि नेमका तेव्हाच सरांचा फोन. "बर्वे, उद्या कॉलेजला कळवायचंय. काय सांगू? येतो म्हणू की सुटलो म्हणू?"

आवाज नेहमीसारखा तिरकस नव्हता. मला ते अजिबात आवडलं नाही. "सर, उद्या सकाळी या. सगळेच या," म्हटलं आणि फोन ठेवला.

सकाळी पुन्हा गाडीखाली शिरलो. आता एकच गोष्ट राहिली होती. बॉक्सच्या कुशीला बाहेरून एक छोटी डबी स्क्रूने बसते, तिला मॉड्युलेटर म्हणतात. इंजिनवर किती भार आहे हे ती बॉक्सला कळवते. डबी नवी कोरी, बसवतानाच तपासलेली, म्हणून तिच्यावर संशय आला नव्हता. तिच्या मागच्या भोकात एक वेगळीच झडप असते, ती व्हॉल्व्ह बॉडीत येत नाही. डबी काढली. झडप आत रुतलेली, हलेना. बारीक चिमट्याने ओढली, तेव्हा कुठे आली. तिच्याबरोबर ऑइलने माखलेले बारीक दाणेही आले.

फडक्यावर घेऊन बोटाने चोळले. तांदूळ! आणि वर कुंकवाचा लालसर रंग.

मी गाडीखालून बाहेर आलो. दामले कुटुंब समोर उभं. मी फडकं सरांच्या बायकोपुढे, काकूंपुढे धरलं.

"काकू, अहो, अक्षता? गिअरबॉक्सच्या आत?"

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "मी हळदकुंकू, अक्षता वाहिल्या, पण वरून हो! खोकं घरी आलं तेव्हा. एवढा समुद्र ओलांडून आलेला तो, तसाच कसा पाठवायचा तुमच्याकडे?"

"आई! नंतर मी ते सगळं पुसून काढलं होतं," मृणाल म्हणाली. "काकांना कळलं तर ओरडतील म्हणून."

"मग हे आत कसे गेले? भोकाला प्लॅस्टिकचं टोपण होतं. ते काय आपण होऊन उघडलं?"

मृणालने आईकडे बघितलं, आईने मृणालकडे. मग सरांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी टाकल्या."

काकूंनी वळून बघितलं. या माणसाने लग्नात सत्यनारायण घालू दिला नव्हता, हे त्या मला कितीदा सांगत.

"बॉक्स आडवा होता," सर म्हणाले. "अक्षता घरंगळून खाली पडत होत्या. ही आत गेली तेव्हा टोपण काढलं आणि चार दाणे आत सोडले. फार दिवस घरात बसलो होतो हो, बर्वे. म्हटलं, एकदा करून बघू."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. अख्खा बॉक्स उतरवून पुन्हा चढवला होता मी! पण मी फडक्याची घडी घातली आणि खिशात ठेवली. काकू पदर डोळ्यांना लावून हसत होत्या, की रडत होत्या, कोण जाणे.

भोक धुतलं, झडप घासली, डबी बसवली. बॉक्स उतरवावाही लागला नाही. सरांना स्टिअरिंगवर बसवलं, मी बाजूला बसलो. रस्त्याला लागल्यावर गाडीने हलकेच उसासा टाकल्यासारखा दुसरा गिअर घेतला, मग तिसरा. सर नुसती गाडी चालवत राहिले, घराचा फाटा मागे पडला तरी. कॉलेजला त्यांनीच फोन केला आणि पुढची कित्येक वर्षं वाघोलीच्या पोरांची हजेरी घेतली.

तेव्हापासून परदेशातून पार्ट आला, की पार्ट नंबरच्या आधी मी विचारतो, पूजा झाली का? झाली म्हणाले, तर अक्षता कुठे वाहिल्या ते बोट ठेवून दाखवायला सांगतो. आणि आम्ही असलं काही मानत नाही म्हणाले, तर सगळी भोकं स्वतः तपासतो.